बरं शे, म्हणजे किती?

जळगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी फलाटाला लागली तेव्हा आई पाटीलकाकूंना सांगत होती, "शिकाले चालनी थोडा दिन."

मी शिकायला चालले नव्हते. पुण्याच्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती आणि ती टिकली तर मी थोड्या दिवसांनी परत येणार नव्हते. हे आईला माहीत होतं. शेजारच्या पाटीलकाकूंना माहीत होतं. टपावर बॅग चढवून घाम पुसत खाली उतरलेल्या आबांना, माझ्या वडिलांना, तर पक्कं माहीत होतं. काकूंनी पगार विचारला. आई म्हणाली, "आसाच आपला, जावा-येवापुरता." काकू समजून हसल्या आणि त्यांनी विषय उन्हाकडे वळवला.

कंडक्टरने दार ओढलं. मी खिडकीतून म्हटलं, "जाते मग."

"येस म्हन," आईने तिथल्या तिथे दटावलं.

"येते," मी म्हटलं.

आबांनी खिडकीचा गज धरला होता. ते स्टँडवर, बँकेत, दवाखान्यात शहरी मराठी बोलत. म्हणाले, "कायम केलं तर राहा. नाही केलं तर सरळ घरी ये. मनाला लावून घेऊ नको." गाडी हलली तरी त्यांचा हात गजावर होता. मग तो सुटला.

सहा महिन्यांची मुदत होती. त्यानंतर कंपनी कायम करणार किंवा घरी पाठवणार. पाचोऱ्याच्या आत्याने एक स्थळ थांबवून ठेवलं होतं. मुलगी सध्या बाहेरगावी आहे, एवढंच तिने त्यांना कळवलं होतं. एकदा परत आले की मला पुन्हा निघता येणार नाही, हे घरात कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरज नव्हती.

हे लिहितेय ते पिंप्राळ्यातल्या, असोद्यातल्या, धुळ्यातल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारख्या कुठल्या कुठल्या गाडीत बसून निघालेल्यांसाठी. नव्वदीची सुरुवात होती. पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत फोन फक्त पाटीलकाकूंकडे होता.

मी इंग्रजी मिडियमची. जळगावात तेव्हा ही ओळख जन्मभर चिकटायची. कॉलनीतल्या बायका औषधाची बाटली घेऊन यायच्या, मी लेबल वाचून द्यायची. मग कुणीतरी म्हणायचं, "बोल ना जरा इंग्रजी, आम्ही ऐकू." मी गप्प. "पैसे पडतात का गं बोलायला?" मी आणखी गप्प. खरं सांगायचं तर मी इंग्रजी कुणाशी बोललेच नव्हते. शाळेत मिसला उत्तर देण्यापुरतं आणि वहीत लिहिण्यापुरतं ते होतं. व्याकरण चोख. आवाज नाही.

पुण्यातली कंपनी बाजाराची पाहणी करायची. कुठल्या जिल्ह्यात कुठला साबण खपतो, पंप किती जातात, बियाणं कुठं अडलं. आकडे गोळा करून त्यांच्या आकृत्या करायच्या आणि त्या आकृत्या इंग्रजीत समजावून सांगायच्या. आम्हा सात नव्या मुलामुलींवर रेगे मॅडम होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कधीही आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आपले निम्मे ग्राहक मद्रास-कलकत्त्याला आहेत. घाई असते तेव्हा ते फोनवर विचारतात. फोनवर आकृती दिसत नाही. तुम्ही बोलाल तीच त्यांची आकृती. ती ऐकून ते माल पाठवतात किंवा थांबवतात."

म्हणून दर सोमवारी एक खेळ असायचा. मला त्याची धास्ती रविवार दुपारपासून लागायची. एकाने पुढे उभं राहून पडद्यावरच्या ग्राफचं वर्णन करायचं. बाकीच्यांनी खुर्च्या उलट्या फिरवायच्या, पडद्याकडे पाठ, मांडीवर कोरा कागद. ऐकून जी रेघ डोळ्यांपुढे येईल ती काढायची.

माझी पाळी आली तेव्हा पडद्यावर एका साबणाची विक्री होती. निळी रेघ डावीकडून भराभर वर गेलेली, टोकाला पोचून एकदम खाली कोसळलेली.  वाक्यं बरोबर येत होती. प्रत्येक क्रियापद मी आधी मनात तपासत होते. "द सेल इज क्वाइट ऑल राइट इन द बिगिनिंग," मी म्हटलं. "देन देअर इज सम इम्प्रूव्हमेंट." आणि त्या कोसळण्यापाशी पोचल्यावर म्हटलं, "आफ्टर दॅट इट इज अ लिटल लेस."

मॅडमनी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि टेबलावर ओळीने मांडले. सहाही कागदांवर जवळजवळ एकच रेघ होती. आडवी. मध्ये किंचित फुगलेली, शेवटी किंचित झोळ पडलेली. वाळत घालायच्या दोरीसारखी.

मीनल माझी रूम पार्टनर. तिने आपला कागद उचलला, मान वळवून पडदा पाहिला आणि हसू दाबायच्या प्रयत्नात तिला ठसका लागला. मग सगळेच हसले.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "व्याकरण तुझं सगळ्यांत शुद्ध आहे. पण तुझ्या बोलण्यात ना डोंगर आहे ना दरी. हे ऐकून मी कारखान्याला सांगितलं असतं, चालू ठेवा उत्पादन." मग कागद माझ्या हातात देत, "डिसेंबरपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे," म्हणाल्या.

ते सहा कागद मी वसतिगृहात नेले. मला वाटत होतं की मी घाबरले म्हणून असं झालं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. ती रेघ मला नीट दिसत होती. कोसळलीय हे दिसत होतं. तोंडातून निघालं नाही.

आमच्याकडे ते निघत नाही. धुळ्याकडच्या काकांना कापसाचं विचारा. शेत पांढरंफेक फुललेलं असेल, वेचायला बाया पुरत नसतील, काका म्हणतील, "बरं शे औंदा." यंदा बरं आहे, एवढंच. मोठ्याने चांगलं म्हटलं की नजर लागते. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा आईने गल्लीत सांगितलं, "व्हई गई पास." आणि वाईटही तसंच. माणूस दवाखान्यात असेल तर "जरा नरम शे". डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं असेल तर "काळजी नका करू, येऊन जा एकदा". आणि सीरियस असल्याचा निरोप आला की बायका पदर तोंडाला लावून रडायलाच सुरुवात करत, कारण सीरियसचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. माणूस गेलेला असे.

म्हणजे आम्हाला डोंगरदऱ्या दिसत नव्हत्या असं नाही. सांगणारा सपाट सांगायचा आणि ऐकणारा आपल्या मनात चढ-उतार भरून घ्यायचा. सगळं गाव एकाच मापाने मोजत असल्यामुळे कुणाची चूक होत नव्हती. पुण्यात माझ्याकडे पाठ करून बसलेल्या सहा जणांकडे ते माप नव्हतं. मी जे म्हटलं तेवढंच त्यांनी काढलं.

मीनलने मला तालमीला धरलं. हसल्याची भरपाई म्हणून असेल, किंवा तिला माझी कीव आली असेल. मी विचारलं नाही. रविवारी सकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर ती माझ्याकडे पाठ करून, पेन्सिल घेऊन बसायची.

"आधी सगळं मिळून काय झालं ते सांग," ती म्हणायची. "मग सगळ्यांत उंच, मग सगळ्यांत खाली. मग कुठे वळली."

"इट डिक्रीज्ड."

"किती? पायरीवरून उतरली की गच्चीवरून पडली?"

"गच्चीवरून."

"मग पाड ना तिला. घाबरतेस काय, रेघ आहे ती."

शार्पली, स्टीपली, ग्रॅज्युअली, मार्जिनली हे शब्द मला लिहिता येत होते, शाळेपासून. उच्चारायला लागले की आईचा आवाज आडवा यायचा. वाईट तोंडातून काढू नये. बसच्या रांगेत उभी राहून मी मनात रांगेचं वर्णन करायची. मेसमधल्या भाजीतल्या तेलाचं. हळूहळू मीनलच्या कागदावर थोडे उंचवटे यायला लागले. "आता टेकडी झालीय," ती कागद दाखवायची. "डोंगर अजून नाही."

दर रविवारी तालमीनंतर मी एसटीडी बूथवरून पाटीलकाकूंकडे फोन लावायची. काकू हाक मारून आईला बोलवायच्या, तोवर मीटरचे आकडे पळताना मी बघत राहायची.

"कसं काय?"

"बठ्ठं बरं शे." सगळं बरंच असायचं. "तू जेवस ना टायमावर?"

आबा एका जिनिंगमध्ये कारकून होते. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. दसऱ्यानंतर नवा कापूस येतो, जिनिंगचा पट्टा फिरायला लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत आबा कानाच्या पाळीत रुईचे तंतू घेऊन घरी यायचे. दसरा झाला. दिवाळी झाली, मला सुट्टी नव्हती म्हणून मी गेले नाही. फोनवर विचारलं, "जिनिंग सुरू झाली का गं?"

"व्हई जाई," आई म्हणाली. होऊन जाईल, म्हणजे.

पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. "काम जरा कमी शे औंदा. आबा लवकर घर येतस." आणि लगेच, "तुन्ही परीक्षा कवय शे?"

नोकरी कायम व्हायच्या त्या चाचणीला ती परीक्षाच म्हणायची. मी सांगितलं, डिसेंबरात. फोन ठेवला. एरवी "जरा कमी" ऐकल्यावर माझ्या मनाने आपोआप माप लावलं असतं. पण मी तेव्हा गावचं माप विसरायची तालीम करत होते. "जरा कमी" म्हणजे मार्जिनली, अगदी किंचित, असं धरून मी बूथबाहेर पडले.

चाचणीच्या दिवशी मॅडमनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. पडदा नव्हता, उलट्या खुर्च्या नव्हत्या. टेबलावर फोन होता आणि त्याला जोडलेला दुसरा रिसीव्हर मॅडमच्या हातात. मद्रासचे एक गृहस्थ यंत्रांचे पट्टे बनवत. हंगामाच्या आधी थोडा आणि हंगामात उरलेला माल पाठवत. आमच्या लोकांनी फिरून आणलेल्या आकड्यांचा ग्राफ त्यांना ऐकायचा होता. तो ऐकून ते ठरवणार होते.

"ते ऐकता ऐकता काढतात," मॅडम म्हणाल्या. "नंतर मी त्यांना विचारणार, काय काढलं. तुझ्याबद्दलचा निर्णय त्यावर." आणि त्यांनी ग्राफ माझ्यापुढे सरकवला.

वर लिहिलं होतं: जळगाव आणि धुळे जिल्हे, चालू असलेल्या जिनिंग.

रेघेला दरवर्षी एक डोंगर होता. दसऱ्यानंतर चढायला लागायची, थंडीत टोकाला, उन्हाळ्यात खाली. पुन्हा चढ, पुन्हा उतार. डोंगर वर्षागणिक थोडे बुटके होत गेले होते. आणि अगदी उजवीकडे, जिथे यंदाचा चढ असायला हवा होता, तिथे रेघ तळाशी लागून आडवी चालली होती. दसरा ओलांडून, दिवाळी ओलांडून.

जरा कमी शे औंदा. आबा लवकर घर येतस.

मॅडमनी नंबर फिरवला होता. मला त्यांना सांगायचं होतं की दोन मिनिटं द्या. पलीकडून जाडसर, सावकाश आवाज आला, "येस, गो अहेड, प्लीज. आय हॅव माय पेन्सिल."

आधी सगळं मिळून. मी म्हटलं की एकूण रेघ पाच हंगामांत उतरत गेली आहे. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. मग सगळ्यांत उंच टोक. मग दर हिवाळ्यातला चढ, स्टीप, आणि उन्हाळ्यातली घसरण. पलीकडे कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता असं मला वाटलं. कदाचित ती फोनची खरखर असेल. मग मी उजव्या टोकाला आले आणि थांबले.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझं गाव माहीत होतं, घर माहीत नव्हतं.

"धिस सीझन," मी म्हटलं, "इट हॅज नॉट रिझन." यंदा ती चढलेलीच नाही.

"यू मीन इट इज लेट?"

लेट. किती सोपा शब्द होता. आईने तोच निवडला असता. हो म्हटलं असतं तर तो कारखानदार थोडा थांबला असता आणि माल पाठवला असता, आणि कुठेतरी जिनिंग सुरू व्हायची शक्यता माझ्या तोंडून शिल्लक राहिली असती.

"नो, सर. इट इज नॉट लेट. इट फेल स्टीपली लास्ट समर, अँड इट हॅज स्टेड ॲट द बॉटम."

"नॉट इव्हन अ स्मॉल राइज?"

"नॉट ॲट ऑल, सर."

पलीकडे पेन्सिल टेबलावर ठेवल्यासारखा आवाज आला. मग "थँक यू. व्हेरी क्लिअर." मॅडमनी त्यांना काय काढलंत विचारलं. त्यांनी सांगितलं. मॅडम ग्राफवर बोट फिरवत ऐकत होत्या आणि त्यांचं बोट रेघ सोडून कुठेच गेलं नाही.

"सोमवारपासून तू कायम," रिसीव्हर ठेवून त्या म्हणाल्या. "घरी फोन कर." मी मान हलवली. फोन केला नाही. दोन दिवसांची रजा मागितली आणि पहाटेच्या गाडीने निघाले.

पिंप्राळ्याला घरी पोचले तेव्हा दुपार होती. आबा पुढच्या खोलीत खाटेवर बनियनवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. कामाचा शर्ट खुंटीला, इस्त्रीची घडी न मोडलेला. मला बघून ते उठले आणि काय करावं न कळून पुन्हा बसले.

"आज कामाला गेला नाहीत?" मी विचारलं.

"जरा सुट्टी शे," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

मी बॅग खाली ठेवली. आधी सगळं मिळून. "आबा, जिनिंग यंदा उघडलीच नाही. बंद पडलीय."

"बंद नही वं," आई ओले हात घेऊनच बाहेर आली. "आजून चालू नही व्हयनी, एवढंच."

आबांनी हातातली शेंग उकलली. दाणे ताटात पडू दिले. "बंद शे," ते म्हणाले. घरातली त्यांची ती बोली, आणि तो शब्द. "मालकनी मशिनी इकाले काढ्या. तुले कोनी सांगं?"

"मला कुणी नाही सांगितलं. मीच मद्रासच्या एका माणसाला सांगितलं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "म्हंजे मद्रासले कळनं, नि पाटीलकाकूले आजून नही."

"काकूले बठ्ठं ठाऊक शे," आई चिडून म्हणाली, आणि मग तीही हसली, पदराने डोळे पुसत. तुझ्या परीक्षेआधी सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, असं काहीतरी ती पदराआड बोलली.

मग आबांनी विचारलं, "तुले कायम करं का?"

"हो."

"हळू बोल," आईने दाराकडे बघितलं.

आबांनी पुढची शेंग घेतली. "मंग तू आते परत येत नही."

ते विचारत नव्हते. त्यांनी रेघ काढून माझ्यापुढे ठेवली होती. माझ्या तोंडात तयार होतं सगळं: दिवाळीला येईन, सुट्टीला येईन, बदली मिळते का बघते. आईचे डोळे माझ्याकडून तेच मागत होते. मी त्या मद्रासच्या माणसाशी खरं बोलू शकले होते, कारण तो माझा कुणी नव्हता.

"नाही, आबा," मी म्हटलं.

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. "बरं शे," म्हणाले. मी त्यांचा चेहरा बघत होते, हात बघत होते. ते बरं किती होतं, हे मला त्या दिवशी काढता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

परत निघताना मी स्टँडवर "येते" म्हटलं. अजूनही तसंच म्हणते. आत्याचं ते स्थळ दुसरीकडे ठरलं. आबा नंतर एका किराणा दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले. कानाच्या पाळ्या स्वच्छ घेऊन घरी येत, त्याची आईला सवय व्हायला वेळ लागला.

आता त्यांच्याकडे फोन आहे, माझ्याकडेही आहे. पुण्यात मी दिवसभर इंग्रजीत सांगत असते, काय वर गेलं आणि काय खाली आलं, आणि माझ्या हाताखालच्या नव्या मुली माझ्याकडे पाठ करून ऐकतात. तुमच्यापैकी जे दूर आहेत त्यांना आपापल्या घरचं "बरं शे" कानात असेलच. मला घर म्हणजे भिंती, अंगण असं काही आठवत नाही. मला आठवतो तो रविवारचा फोन. आई म्हणते, "बठ्ठं बरं शे." मी विचारते, "बरं म्हणजे किती?" ती म्हणते, "झालं हिचं सुरू," आणि रिसीव्हर पुढे करते. तो हातातून हातात जात असताना बांगड्या वाजतात, बाहेरून रिक्षा जाते, कुकरची शिट्टी होते. तेवढा वेळ कुणीच काही सांगत नाही आणि मला तिथलं सगळं ऐकू येतं. मग आबा घसा साफ करतात आणि त्या आठवड्यातलं सगळ्यांत खालचं असेल ते आधी सांगतात.